प्रक्षेपणाचे हक्क एका हातात गेले की हॉकीचं चित्र नेमकं कुठे बिघडतं?

प्रश्न असा आहे. कॅनडात टोरोंटोशेजारच्या मिसिसागातलं मराठी कुटुंब. मुलगा आइस हॉकी खेळतो म्हणून घरात एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) बघणं सुरू झालं. स्पोर्ट्सनेट प्लस, टीएसएन आणि सोमवारच्या सामन्यासाठी प्राइम, असे तीन ठिकाणी पैसे भरले. तरीही ६५ इंची टीव्हीवर पक (हॉकीची रबरी चकती) दिसत नाही, चित्र मधूनच गढूळ होतं, बोर्डवरच्या (रिंकभोवतीच्या कठड्यावरच्या) जाहिरातींजवळ खेळाडूंचे पाय गायब होतात आणि ऑटवाचा सामना लावला की ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’. सगळे हक्क एकाच कंपनीकडे गेल्यामुळे दर्जा घसरला का?

काही बाबतींत घसरला, काही बाबतींत उलट सुधारला, आणि तुमच्या तक्रारींपैकी निदान एक तर टीव्हीच्या मेनूत शिरून पाच मिनिटांत मिटेल. एकाधिकाराचा करार चित्रावर थेट परिणाम करत नाही. तो तीन गोष्टी ठरवतो: हक्काचे पैसे मोजल्यावर सामना चित्रित करायला किती पैसा उरतो, तुमच्या पत्त्यावर कुठलं फीड (प्रक्षेपणाची कुठली आवृत्ती) पोचतं, आणि त्या चित्रावर कोण काय चिकटवू शकतं. बिघाड या तीन ठिकाणी शोधायचा.

आधी कॅनडातली मांडणी समजून घ्या, कारण ‘एकाच कंपनीकडे सगळं’ आणि ‘तीन ठिकाणी पैसे’ यांत विसंगती वाटते, पण दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघाली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पोर्ट्सनेटची मालक कंपनी रॉजर्स हिने एनएचएलचे कॅनडातले राष्ट्रीय हक्क १२ वर्षांसाठी ५.२ अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतले, २०१४-१५ च्या हंगामापासून. त्याआधी शनिवार सीबीसी या सरकारी वाहिनीचा होता, आठवड्यातले इतर राष्ट्रीय सामने टीएसएनकडे होते. एवढी रक्कम फक्त स्पोर्ट्सनेटच्या जाहिरातींतून वसूल होण्यातली नव्हती. मग घाऊक व्यापारी जे करतो तेच झालं, माल तुकडे पाडून पुढे विकला गेला. फ्रेंच हक्क टीव्हीए स्पोर्ट्सला गेले. शनिवारची ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ सीबीसीवर राहिली, पण संपादकीय ताबा आणि जाहिरातींचं उत्पन्न रॉजर्सचं. सीबीसीने फक्त प्रक्षेपणाची वेळ दिली. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन हंगामांसाठी सोमवारचे सामने प्राइमला मिळाले. यात प्रादेशिक सामने धरलेलेच नाहीत. ते प्रत्येक संघ वेगळे विकतो. मॉंट्रियाल, ऑटवा आणि विनिपेगचे इंग्रजी प्रादेशिक हक्क टीएसएनकडे, व्हँकूव्हर, कॅल्गरी, एडमंटनचे स्पोर्ट्सनेटकडे, आणि टोरोंटोचे दोघांत वाटलेले. एप्रिल २०२५ मध्ये रॉजर्सने २०२६-२७ पासून पुढची १२ वर्षंही घेतली, यावेळी ११ अब्ज डॉलरना.

म्हणजे जुन्या कराराची वर्षाची सरासरी सुमारे ४३ कोटी डॉलर, नव्याची ९१ कोटींच्या वर. हा आकडा सही झाल्यावर हलत नाही. हलतो तो निर्मितीचा खर्च: किती कॅमेरे, किती माणसं, समालोचक सामन्याच्या गावी जाणार की टोरोंटोच्या स्टुडिओत बसून पडद्यावर बघून बोलणार, रिप्लेच्या यंत्रावर दोन ऑपरेटर की एक. प्रेक्षक घटले की कात्री इथेच लागते. करार सुरू झाल्यावर दुसऱ्याच हंगामात, २०१६ मध्ये, कॅनडातले सातही संघ प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या) बाहेर राहिले. १९७० नंतर असं पहिल्यांदाच घडलं. हक्क घेणाऱ्याच्या हातात नसलेली ही गोष्ट, पण त्याच उन्हाळ्यात ‘हॉकी नाइट’चा सूत्रधार जॉर्ज स्ट्रंबुलोपुलस गेला, जुना सूत्रधार रॉन मॅक्लीन परत आला आणि काही विश्लेषकही कमी झाले. पडद्यावरच्या चेहऱ्यांतला बदल सगळ्यांना दिसतो. पडद्यामागे एक कॅमेरा कमी झाला तर तो कोणी मोजत नाही, आणि प्रेक्षकाला ‘आज मॅच जरा मिळमिळीत वाटली’ एवढंच जाणवतं.

तो कॅमेरा कमी झाल्याने काय होतं ते सांगतो. साध्या प्रादेशिक सामन्याला साधारण सात ते दहा कॅमेरे असतात, राष्ट्रीय सामन्याला त्याहून पुष्कळ जास्त, आणि एनएचएलच्या अंतिम मालिकेला, स्टॅन्ली कप फायनलला, तीसच्या घरात. मधल्या रेषेवर वर बसवलेला एक नंबरचा कॅमेरा खेळ दाखवतो, दोन नंबर पक ज्याच्याकडे आहे त्याच्यावर राहतो. या दोघांना कोणी हात लावत नाही. कात्री लागते ती कोपऱ्यातल्या उंच कॅमेऱ्यांना, काचेजवळच्या हातातल्या कॅमेऱ्यांना आणि सुपर स्लो मोशनला. परिणाम थेट खेळात दिसत नाही, रिप्लेत दिसतो. गोल झाला, पण गोलरक्षकाच्या पायांमधून पक कसा गेला हे दाखवणारा कोनच नाही. मग दिग्दर्शक एक नंबरचंच चित्र मोठं करून दाखवतो आणि ते फुटतं. तुम्हाला वाटतं प्रक्षेपणाचा दर्जा घसरला, प्रत्यक्षात तिथे कॅमेराच नव्हता.

पाहुण्या संघाच्या वाहिनीचं आणखी वेगळं. ती बहुतेक वेळा यजमान वाहिनीचंच फीड घेते, वर स्वतःचा एखाद-दुसरा कॅमेरा आणि स्वतःचे समालोचक. त्यामुळे रिप्ले यजमान संघाच्या बाजूचे जास्त येतात. महासाथीच्या काळात बाहेरगावचे सामने स्टुडिओतून बोलायची पद्धत पडली आणि काही प्रादेशिक वाहिन्यांनी ती पैसे वाचतात म्हणून पुढे चालू ठेवली. ओळखायची खूण सोपी आहे. पकपासून दूर भांडण झालं किंवा बेंचवर कोणी जखमी होऊन बसलं आणि समालोचकाला ते कॅमेरा वळेपर्यंत कळलंच नाही, तर तो मैदानात नाही.

यंत्रसामग्रीला मात्र दोष देऊ नका. कॅनडात ओबी व्हॅन (मैदानाबाहेरची प्रक्षेपणाची गाडी) पुरवणारी मोठी कंपनी डोम प्रॉडक्शन्स, आणि ती बेल (टीएसएनची मालक) आणि रॉजर्स या दोघांच्या मालकीची आहे. टीएसएनचा सामना असो की स्पोर्ट्सनेटचा, बाहेर उभी असलेली गाडी बहुधा एकाच ताफ्यातली असते. त्यामुळे ‘टीएसएनचे कॅमेरे चांगले’ हा वाद निरर्थक. फरक पडतो गाडीत किती माणसं बसवली त्याने, आणि चित्र गाडीतून निघाल्यावर त्याचं काय होतं त्याने.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येऊ, पक दिसत नाही. इथे थोडं गणित करावं लागेल. पकचा व्यास ३ इंच, म्हणजे ७.६ सेंटिमीटर. एक नंबरच्या कॅमेऱ्यात ब्लू लाइनपासून (बर्फावरच्या निळ्या रेषेपासून) मागच्या बोर्डपर्यंतचा भाग आला की चौकटीची रुंदी ७५ फूट, साधारण २३ मीटर. १९२० पिक्सेलच्या चित्रात एका मीटरला ८३ पिक्सेल, म्हणजे पक जेमतेम सहा पिक्सेल रुंद. १२८० पिक्सेलच्या चित्रात तो चार. आता ताशी १६० किलोमीटरचा फटका घ्या. एका सेकंदाच्या साठाव्या भागात पक ७४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे एका चौकटीतून दुसरीत जाताना साठेक पिक्सेलची उडी. क्रिकेटचा चेंडू लाल किंवा पांढरा, बहुतेक वेळ कॅमेऱ्याच्या रेषेत. इथे सहा पिक्सेलचा काळा ठिपका, पांढऱ्या बर्फावर, आडवा, साठ पिक्सेलच्या उड्या मारत.

हे चित्र दाबून पाठवताना गंमत होते. स्ट्रीमिंगमध्ये अजूनही सर्रास वापरला जाणारा एच.२६४ हा दाबण्याचा प्रकार चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे ठोकळे पाडतो. पक एका ठोकळ्याच्या आतच मावतो. बिटरेट (सेकंदाला किती बिट पाठवले जातात तो दर) पुरेसा असेल तर ठोकळ्यातला बारकावा टिकतो. अपुरा पडला की एन्कोडर (चित्र दाबणारी यंत्रणा) बारकावा फेकतो आणि ठोकळा सरासरी राखाडी होतो. पक गेला. त्यातच हॉकीचं चित्र एन्कोडरला दोन टोकांना ओढतं. बर्फ सपाट पांढरा, त्याला फारसे बिट लागत नाहीत, म्हणून एन्कोडर तिथे कंजुषी करतो आणि स्केटचे ओरखडे पुसले जातात. काचेमागचे हजारो प्रेक्षक मात्र कॅमेरा फिरला की प्रत्येक चौकटीत बदलतात आणि बिटचा मोठा वाटा तेच खातात. कॅमेरा वेगाने एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेला की चित्र गढूळ होतं ते यामुळे. आणि नेमक्या त्याच क्षणी, खेळाडू एकटाच गोलकडे सुटतो त्या ब्रेकअवेला, पक कुठे आहे हे बघायचं असतं.

कुठल्या रस्त्याने किती बिट येतात? ओबी व्हॅनमधलं एचडी चित्र सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिटचं असतं. अँटेनावरून येणाऱ्या डिजिटल वाहिनीच्या पूर्ण लहरीची क्षमता १९.३९ मेगाबिट, आणि कॅनडातली बहुतेक स्थानकं ती एकाच वाहिनीला देतात. अमेरिकेत मात्र त्याच लहरीत चार-पाच उपवाहिन्या कोंबतात. केबल आणि आयपीटीव्हीवर (इंटरनेटच्या तारेतून येणाऱ्या टीव्हीवर) एचडी वाहिनीला साधारण ५ ते ८ मेगाबिट मिळतात. स्ट्रीमिंगवर १०८० ओळी, ६० चौकटी असतील तर वरची पायरी ६ ते ८ मेगाबिटची, आणि जाळं डगमगलं की ॲप गुपचूप खालच्या पायरीवर उतरतं. अँटेनाचं चित्र जुन्या एमपेग-२ पद्धतीचं, तिला बिट जास्त लागतात हे खरं, पण तिथे पायऱ्या नाहीत, रात्रभर दर्जा तोच.

दुसरी भानगड आय आणि पीची. १०८०आयमध्ये पूर्ण चित्र एकदम येत नाही. सेकंदाला ६० अर्धी चित्रं येतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ७२०पीमध्ये ओळी कमी, पण साठही चित्रं पूर्ण. अमेरिकेतल्या वाहिन्यांपैकी ईएसपीएन आणि एबीसी ७२०पीवाले, टीएनटी १०८०आयवाली. वेगवान खेळाला तत्त्वतः ७२०पी बरं, कारण १०८०आयमध्ये दोन अर्ध्या चित्रांच्या मधल्या वेळात पक पाऊण मीटर पुढे गेलेला असतो आणि जोडल्यावर त्याच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. हे जोडकाम कोण करतं यावर सगळं अवलंबून: वाहिनीचा चांगला कन्व्हर्टर, तुमचा सेट-टॉप बॉक्स, की टीव्ही. सगळ्यात वाईट म्हणजे ॲपसाठी दोन अर्ध्या चित्रांचं एक करून सेकंदाला ३० चौकटी करणं. मग पकची उडी दीड मीटरची होते आणि कितीही बिटरेट ओता, तो दिसत नाही.

याचा हक्कांशी संबंध आहे तो असा. प्लेऑफमध्ये दोन अमेरिकन संघांची मालिका कॅनडाची हक्कधारक वाहिनी बहुधा स्वतः चित्रित करत नाही, अमेरिकन फीड घेते. मूळ ईएसपीएनचं ७२०पी, इथे वाहिनीसाठी १०८०आय केलेलं, ॲपसाठी पुन्हा पी केलेलं. तीन वेळा कातरलेलं चित्र. त्यामुळे त्याच संध्याकाळी टोरोंटोचा सामना स्वच्छ आणि डॅलसचा सामना मऊ दिसला तर तुमचं इंटरनेट तपासत बसू नका.

बोर्डवरच्या जाहिरातींचा प्रकार तर हक्कांच्या वाटणीतूनच जन्माला आला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून एनएचएलमध्ये बोर्डवर रंगवलेल्या जाहिरातींवर संगणक दुसऱ्या जाहिराती बसवतो. यजमान संघाची वाहिनी, पाहुण्यांची वाहिनी, राष्ट्रीय वाहिनी, परदेशी फीड, प्रत्येकाला आपापल्या जाहिराती. साठ मिनिटांच्या खेळात तीस-तीस सेकंदांचे १२० तुकडे विकता येतात. काम असं चालतं: कॅमेरा किती वळला, किती झूम झाला यावरून सॉफ्टवेअर बोर्डची जागा ओळखतं, तिथे नवी जाहिरात रंगवतं, आणि बोर्डपुढे जे काही आहे, खेळाडू, काठी, पक, त्याचा आकार कापून जाहिरातीच्या वर ठेवतं. ही कापाकापी प्रत्येक चौकटीत, थेट. खेळाडूचा रंग आणि बोर्डचा रंग जवळचे असले, कॅमेरा झटक्यात फिरला, की कात्री चुकते. बुटांच्या कडा थरथरतात, काठीचं टोक नाहीसं होतं, आणि बोर्डला घासत जाणारा पक जाहिरातीखाली गाडला जातो. तुमच्या टीव्हीत दोष नाही याची खात्री करायची असेल तर काचेजवळच्या कॅमेऱ्याचा रिप्ले बघा. तिथे खऱ्या, रंगवलेल्या जाहिराती दिसतील आणि कडा स्वच्छ असतील.

यात दुहेरी नुकसान आहे. हलणारी जाहिरात एन्कोडरच्या दृष्टीने नवा मजकूर, तिच्यावर बिट खर्च होतात, आणि ते पकच्या वाट्यातून जातात. एनएचएलकडे पकच्या जागेची माहिती सेकंदाला ६० वेळा आणि खेळाडूंची १५ वेळा येते, पकमध्येच प्रक्षेपक बसवलेला असतो. एवढं असून पक आधी वाचवायचा की जाहिरात, याचं उत्तर जाहिरात असं निघालं. १९९६ मध्ये फॉक्सने पकभोवती निळी झळाळी दाखवली तेव्हा लोक चिडले आणि १९९८ नंतर ती बंद झाली. माझ्या मते ती निदान प्रेक्षकासाठी तरी होती.

ऑटवाचा सामना न दिसण्याचं कारण तांत्रिक नाही, शुद्ध हद्दीचं आहे. प्रादेशिक सामना त्या संघाच्या ठरलेल्या भागातच दाखवता येतो. मिसिसागा टोरोंटोच्या हद्दीत, ऑटवाची हद्द वेगळी. म्हणून टीएसएनची वर्गणी असूनही ऑटवाचा प्रादेशिक सामना लागतो ती टीएसएन ५ तुमच्याकडे काळी होते. केबलवर हे पोस्टल कोडवरून ठरतं, ॲपवर तुम्ही जिथून जोडता त्या जागेवरून. बाहेरच्या संघांचे सामने हवे असतील तर ते स्पोर्ट्सनेट प्लसच्या प्रीमियम पातळीवर येतात, साध्या पातळीवर नाहीत. म्हणजे तुमच्या बाबतीत चौथी वर्गणी नको, पहिलीच एक पायरी वर न्यायची, आणि ऑटवा बघायचं नसेल तर नको. व्हीपीएनच्या भानगडीत पडू नका. नियमांत बसत नाही हे एक, आणि थेट सामन्याला आणखी एक वळसा पडल्याने पायरी खाली येते हे दुसरं.

एकाधिकाराने झालेलं भलंही सांगायला हवं. २०१४ पूर्वी शनिवारी सीबीसी तुमच्या भागासाठी निवडेल तोच सामना दिसायचा. नंतर शनिवारचे सगळे राष्ट्रीय सामने वेगवेगळ्या वाहिन्यांवर देशभर उपलब्ध झाले. जानेवारी २०१६ मध्ये मॉंट्रियाल-टोरोंटो सामना ४के मध्ये दाखवला गेला, एनएचएलमध्ये पहिल्यांदा. बारा वर्षांची हमी असल्याशिवाय एवढी गुंतवणूक कोणी करत नाही. पंजाबी समालोचनाची ‘हॉकी नाइट’ २००८ मध्ये सीबीसीने सुरू केली होती, नव्या करारानंतर ती रॉजर्सच्याच ओम्नी वाहिनीवर गेली आणि टिकली. २०१६ च्या फायनलमधली हरनारायण सिंग यांची ‘बोनिनो, बोनिनो’ ही आरोळी तिथलीच. हिंदी-पंजाबी कानाला ती आजही इंग्रजीपेक्षा जास्त मजा देते.

तरी अमेरिकेचा अनुभव बघता मला एकापेक्षा दोन राष्ट्रीय हक्कधारक बरे वाटतात. २००५ मध्ये ईएसपीएनने हात काढल्यावर एनएचएल ओएलएन नावाच्या छोट्या केबल वाहिनीवर गेली, तिचं नाव पुढे व्हर्सस झालं. सप्टेंबर २००९ मध्ये डायरेक्टटीव्ही ही उपग्रह टीव्ही कंपनी आणि व्हर्सस यांचं पैशावरून फाटलं आणि मार्च २०१० पर्यंत त्या ग्राहकांना वाहिनीच दिसली नाही. सगळे राष्ट्रीय केबल सामने त्या एकाच ठिकाणी, त्यामुळे दुसरा दरवाजा नव्हता. क्यूबेकमध्ये याचीच पुनरावृत्ती झाली: १० एप्रिल २०१९, प्लेऑफची पहिली रात्र, आणि टीव्हीए स्पोर्ट्सने बेलच्या ग्राहकांचा सिग्नल बंद केला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि सिग्नल पुन्हा सुरू करावा लागला. काळ्या पडद्याचा बिटरेट शून्य असतो, बाकी सगळी दर्जाची चर्चा त्यानंतरची.

२०२१ पासून अमेरिकेत हक्क ईएसपीएन आणि टर्नर (टीएनटी वाहिनीवाले) यांच्यात विभागले गेले. दोघांना एकमेकांपेक्षा वेगळं दिसायचं असल्याने स्टुडिओ, ध्वनी, कॅमेरे यांवर खर्च होतो. पहिल्या फेरीत बहुतेक सामने संघाची स्थानिक वाहिनीही दाखवू शकते, म्हणजे एकाच सामन्याची दोन प्रक्षेपणं ताडून बघता येतात. शिवाय प्रादेशिक केबल वाहिन्यांचा धंदा बसला. बॅली स्पोर्ट्स चालवणारी डायमंड स्पोर्ट्स मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हापासून काही संघ थेट अँटेनाच्या वाहिन्यांवर आले, व्हेगस २०२३ मध्ये आणि फ्लोरिडा २०२४ मध्ये स्क्रिप्सच्या स्थानकांवर. डॅलसने व्हिक्टरी प्लस हे फुकट ॲप घेतलं.

भारतात २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं फीड खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. कॅनडात असा कायदा नाही. शनिवारी सीबीसीवर सामना फुकट दिसतो तो व्यापारी सोयीने, हक्काने नाही.

आता घरात काय करायचं. सगळ्यात आधी टीव्हीच्या चित्राच्या मेनूत जाऊन नॉइज रिडक्शन आणि एमपेग नॉइज रिडक्शन, दोन्ही पूर्ण बंद करा. हे फिल्टर लहान, क्षणभर दिसणारे ठिपके गोंगाट समजून पुसतात, आणि सहा पिक्सेलचा पक हा त्यांच्या दृष्टीने गोंगाटच. मोशन स्मूदिंग बंद किंवा अगदी खालच्या पातळीवर; वरच्या पातळीवर टीव्ही मधल्या चौकटी कल्पनेने रचतो आणि पकला दोन-दोन सावल्या येतात. ‘स्पोर्ट्स’ मोड वापरू नका. तो रंग भडक करतो आणि बर्फ इतका पांढरा करतो की ओरखडे मरतात. सिनेमा किंवा स्टँडर्ड मोड घ्या, उजेड कमी वाटला तर बॅकलाइट वाढवा, आणि काँट्रास्ट बर्फावरच्या स्केटच्या रेघा दिसू लागतील इतपत खाली आणा. शार्पनेस अर्ध्याच्या खाली.

मग बॉक्स किंवा स्टिक. आउटपुट ६० हर्ट्झवर आहे का बघा. भारतातून आणलेली स्टिक किंवा टीव्ही कधीकधी ५० हर्ट्झवर अडकलेला असतो, मग सेकंदाच्या ६० चौकटींतल्या १० गळतात आणि कॅमेरा फिरताना दर सेकंदाला ठरावीक हिसके बसतात. पुण्यात बसून उत्तर अमेरिकेचा सामना बघणाऱ्यांनाही हेच लागू. केबलच्या बॉक्सला ‘नेटिव्ह’ आउटपुटचा पर्याय असेल तर तो एकदा लावून बघा, १०८०पीशी तुलना करा. टीव्हीचं जोडकाम बॉक्सपेक्षा चांगलं असतं असं बऱ्याचदा दिसतं, पण स्वस्त टीव्हीत उलटही होतं. स्ट्रीमिंगला वायफायऐवजी तार. सलग १५ मेगाबिट मिळाले तरी पुरे, पण सलग. सामना सुरू झाल्यावर पहिलं अर्ध मिनिट चित्र वाईट असणारच, ॲप खालच्या पायरीवरून चढत असतं. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणि अँटेना घ्या. मिसिसागातून सीएन टॉवर फार लांब नाही, खिडकीत ठेवलेली साधी यूएचएफ अँटेना बहुधा चालते, मध्ये उंच इमारत नसली की झालं. सीबीसी, सिटीटीव्ही आणि ओम्नी फुकट मिळतात. शनिवारी तोच सामना अँटेनावर आणि ॲपवर आळीपाळीने लावा आणि दोन क्षण ताडून बघा: फेसऑफनंतर (पक टाकून खेळ सुरू झाल्यावर) कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्याकडे फिरतो तेव्हा काचेमागची गर्दी, आणि बोर्डला घासत जाणारा पक. ॲप तीस-चाळीस सेकंद मागे असेल, त्यामुळे आधी अँटेना, मग ॲप हा क्रम सोयीचा. गर्दी ॲपवर गढूळ आणि अँटेनावर ठीक असेल तर दोष वाटेतला किंवा तुमच्या जोडणीचा. दोन्हीकडे पक बोर्डपाशीच गायब होत असेल तर तो जाहिरातीचा. दोन्हीकडे सगळंच मऊ असेल तर फीडच तसं आलंय.

तक्रार करायची तर याच भाषेत करा. ‘पिक्चर खराब आहे’ याला ग्राहकसेवेकडे एकच उत्तर असतं, राउटर बंद करून चालू करा. तारीख, वाहिनी की ॲप, उपकरण, सामन्याच्या घड्याळातली वेळ आणि बिघाडाचा प्रकार लिहा: ‘दुसरा पिरियड, ११:४०, उजव्या कोपऱ्यात पक जाहिरातीखाली गेला, रिप्लेत दिसला’. केबल कंपनीने बिलात किंवा सेवेत गडबड केली असेल आणि ऐकत नसेल तर सीसीटीएसकडे (कॅनडातल्या फोन-टीव्ही सेवांच्या तक्रार आयोगाकडे) दाद मागता येते. ॲपमधलं चित्र किंवा वाहिनीची निर्मिती तिच्या कक्षेत येत नाही, ती तक्रार थेट वाहिनीकडेच.